संग्रहाचें दान : त्याचे प्रकार, लेख व निधि

जुन्या कागदपत्रांचा नाश वाळवी, ओल आणि आग यांमुळें होतो, ही गोष्ट संग्राहकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ज्या कागदांस संग्राहकानें चाळीस-पन्नास वर्षें या तीनही शत्रूंपासून वांचविलें, तेच कागद त्याच्या निधनानंतर दोन-चार वर्षांच्या आंत नाहींसे झाल्याचीं उदाहरणें बहुतेक संशोधकांस ठाऊक आहेत. वाड्याची वांटणी होते. वांटणीपत्रांत शेतें, दागिने व तांब्यापितळेचीं भांडीं यांची मोजदाद असते, दप्तराची नसते. मोडी वाचणारें घरांत कोणी उरलेलें नसतें. मग सचित्र पोथी तेवढी दलालाच्या हातीं जाते, शिक्क्यांचे कागद निवडून विकले जातात, आणि बाकीचे रुमाल रद्दीच्या भावानें जातात अगर माळ्यावर कुजतात. यांत वारसांची दुष्टबुद्धि क्वचितच असते. मृताची इच्छा काय होती हें त्यांस कोणीं लेखी सांगितलेलें नसतें, एवढेंच बहुधा त्याचें कारण असतें.

आपला संग्रह पुढें एखाद्या संस्थेस द्यावा असा विचार पुष्कळ संग्राहकांच्या मनांत असतो. ते तो बोलूनही दाखवितात. परंतु इच्छा म्हणजे दान नव्हे. इच्छेस योग्य लेख, संस्थेचा स्वीकार आणि सांभाळाचा निधि या तीन गोष्टींची जोड मिळाली म्हणजेच तिचें दान होतें. हीं तीन अंगें कशीं साधावींत याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. एक प्राचीन दाखला

पुढील काळाची तरतूद बांधून दान करण्याची रीति आपणांस परकी नाहीं. नाशिकजवळील पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्यानें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें, व त्याबरोबर ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे कधींही न मोडावयाचा निधि, दिली. ही रक्कम गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती : २,००० एकीकडे दरमहा शेंकडा १ व्याजानें, आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकीं प्रत्येकास वस्त्रांसाठीं १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा : २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षास २४०, आणि वीस भिक्षूंस बारा-बारा मिळून २४०च. दुसऱ्या रकमेचें वर्षाचें व्याज ९० होतें. तें ज्या खर्चास लावलें आहे त्या शब्दाच्या अर्थाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याजच भोगावयाचें, असें लेखांत स्पष्ट आहे. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकवून रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविल्याचेंही सांगितलें आहे.

उत्तम दानलेखाचीं बहुतेक सर्व अंगें येथें आलीं आहेत. दाता कोण, घेणारा कोण, मुद्दल किती, तें कोणाकडे, व्याजाचा दर काय, खर्च कशावर व माणशीं किती, हें सर्व निश्चित आहे. ठेवीची जोखीम दोन ठिकाणीं वांटली आहे. व्यवहार गुप्त न ठेवतां सभेपुढें वाचला आहे व नोंदला आहे. त्या श्रेणी आज नाहींत आणि ते कार्षापणही नाहींत. दानाची हकीकत मात्र आपणांस कळते, ती लेख टिकाऊ केला म्हणून. आपल्यापैकीं जे ताम्रपट व शिलालेख वाचण्यांत आयुष्य घालवितात, त्यांनीं स्वतःचें दान तोंडी ठेवावें, हें शोभत नाहीं.

२. दानाचे प्रकार

(अ) हयातींतील बक्षीस. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें बक्षीस म्हणजे मोबदला न घेतां स्वेच्छेनें केलेलें हस्तांतरण. तें घेणारानें दात्याच्या हयातींत स्वीकारलें पाहिजे. स्थावर मिळकतीचें बक्षीस दात्याची सही, निदान दोन साक्षीदार व नोंदणी यांवांचून होत नाहीं. पोथ्या, दप्तरें, नाणीं इत्यादि जंगम वस्तूंचें बक्षीस नोंदलेल्या लेखानें अगर प्रत्यक्ष ताबा देऊन होतें. जंगमास नोंदणी आवश्यक नसली तरी लेख अवश्य करावा. कारण ताबा दिल्याचा साक्षी माणूस मरतो, कागद राहतो. संस्थेनेंही आपल्या कार्यकारी मंडळाच्या ठरावानें स्वीकार नोंदवून यादीवर पोंच द्यावी.

या प्रकाराचा मोठा लाभ असा कीं, कोणता कागद कोठला, कोणत्या बाडाचा कोणाशीं संबंध, हें सांगणारा मनुष्य समोर असतो. पुण्याचे दिनकर केळकर यांनीं आपला वस्तुसंग्रह इ. स. १९७५ मध्यें महाराष्ट्र शासनास दिला. त्यांचें निधन १९९० मध्यें झालें. मधल्या पंधरा वर्षांत संग्रहाचा जाणता हयात होता. संग्राहकास वस्तूंची माहिती तोंडपाठ असते, आणि तीच त्याच्याबरोबर सर्वांत आधीं जाते.

दोन मर्यादा मात्र ध्यानांत ठेवाव्यात. दात्याच्या मर्जीस येईल तेव्हां परत घेतां येईल असें बक्षीस कायद्यास मान्य नाहीं. तसेंच आज असलेल्या व पुढें मिळणाऱ्या अशा दोन्ही वस्तूंचें एकत्र बक्षीस केल्यास पुढें मिळणाऱ्या वस्तूंपुरतें तें व्यर्थ होतें. ज्याचा संग्रह अद्याप वाढत आहे, त्यानें या दुसऱ्या मर्यादेसाठीं पुढील प्रकार पाहावा.

(आ) मृत्युपत्र. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्रावर करणाराची सही व निदान दोन साक्षीदारांच्या साक्षी लागतात. नोंदणी सक्तीची नाहीं. तरी ती करणें अगर लखोटा मोहोरबंद करून निबंधकाकडे ठेवणें इष्ट होय. मृत्युपत्र करणारास तें हयातभर केव्हांही बदलतां येतें आणि संग्रह स्वतःजवळ वापरतां येतो. तें मृत्यूसमयींच्या मिळकतीस लागू होत असल्यामुळें शेवटच्या वर्षीं मिळालेला रुमालही त्यांत येऊं शकतो. अंमल करण्यासाठीं विश्वासू व्यक्ति नेमावी, व ती शक्य तर संग्राहकाहून वयानें लहान असावी. ज्या संस्थेस द्यावयाचें तिच्या पदाधिकाऱ्यांस साक्षीदार करूं नये. पुढें वाद निघाल्यास त्यांची साक्ष हितसंबंधी ठरते.

मृत्युपत्रानें काय साधतें याचा ठळक दाखला पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा आहे. नाशिकच्या लेखांवर ज्यांनीं मूलभूत काम केलें, तेच हे विद्वान. इ. स. १८८८ मध्यें मुंबईस त्यांचें निधन झालें. मथुरेचें प्रसिद्ध सिंहशीर्ष त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें गेलें, आणि त्यांचीं हस्तलिखितें मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेकडे आलीं. सिंहशीर्ष परदेशीं जावयास नको होतें असें आज कोणासही वाटेल. परंतु कागदावर लिहिलेली इच्छा किती दूरवर पाळली जाते, हें या एका उदाहरणावरून कळतें. आणि म्हणूनच ती विचारपूर्वक लिहिली पाहिजे.

मृत्युपत्रांत टप्प्यांचें दानही करतां येतें. उदाहरणार्थ, अमुक रकमेचें व्याज पत्नीस हयातभर मिळावें व तिच्या पश्चात् मुद्दल संस्थेस जावें, अशी तरतूद करतां येते. कुटुंबाची सोय व संस्थेचें हित या दोहोंचा मेळ ज्यांस घालावयाचा आहे त्यांस हा मार्ग सोयीचा. मुस्लिम दात्यानें मात्र हें ध्यानांत घ्यावें कीं, वारसांच्या संमतीवांचून मिळकतीच्या एक तृतीयांशाहून अधिक भागाचें मृत्युपत्र त्याच्या धर्मशास्त्राप्रमाणें चालत नाहीं.

(इ) विश्वस्तव्यवस्था. संग्रह मोठा असेल व त्याचें स्वतंत्र अस्तित्व राहावें अशी इच्छा असेल, तर सार्वजनिक न्यास करावा. पाटण्याचे मौलवी खुदाबक्ष यांचें उदाहरण या बाबतींत अभ्यासण्यासारखें आहे. त्यांच्या वडिलांनीं इ. स. १८७६ मध्यें मृत्युसमयीं सुमारें १,४०० हस्तलिखितें मुलाच्या हवालीं केलीं व त्यांचें सार्वजनिक ग्रंथालय करावें अशी इच्छा सांगितली. मुलानें संग्रह सुमारें ४,००० हस्तलिखितांपर्यंत वाढविला, आणि १८९१ मध्यें विश्वस्तलेख करून तो लोकांस खुला केला. खुदाबक्ष १९०८ मध्यें वारले. पुढें १९६९ मध्यें संसदेनें कायदा करून या ग्रंथालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविलें. वडिलांची तोंडी इच्छा सफल झाली ती मुलगा तसा निघाला म्हणून. मुलाचें दान टिकलें तें लेखामुळें. या दोहोंतील अंतर प्रत्येक संग्राहकानें मनांत धरावें.

महाराष्ट्रांत असा न्यास १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत नोंदवावा लागतो. हिशेबतपासणी, विश्वस्तबदलाची नोंद व स्थावर विकण्यास परवानगी हीं बंधनें त्यास लागू होतात. लहान संग्रहास हा भार झेपत नाहीं. अशा संग्राहकानें नवी संस्था काढण्यापेक्षां चालू संस्थेकडे आपल्या नांवाचा विभाग व निधि ठेवणें श्रेयस्कर.

(ई) दानासारखे दिसणारे व्यवहार. दप्तर संस्थेंत नुसतें ठेवावयास दिलें, तर ती ठेव होते; मालकी घरचीच राहते आणि वारस तें परत मागूं शकतात. बँकेंतील ठेवीस अगर रोख्यांस नामनिर्देशन केलें म्हणजे तो पैसा त्या व्यक्तीचा झाला, असाही समज आहे. वस्तुतः नामनिर्देशित व्यक्ति सामान्यतः पैसा वारसांच्या वतीनें स्वीकारणारी असते. मालकी मृत्युपत्र अगर वारसाहक्क यांवरून ठरते. तसेंच कागदांच्या छायाप्रति संस्थेस देणें ही संशोधनाची सेवा खरी, परंतु तीमुळें मूळ कागदांची व्यवस्था होत नाहीं.

३. देणाराचा अधिकार

जें आपलें नाहीं तें देतां येत नाहीं. घराण्याचें दप्तर बहुधा अविभक्त कुटुंबाचें असतें, आणि एकट्या कर्त्या पुरुषास तें बक्षीस करून टाकतां येत नाहीं. म्हणून सर्व हिस्सेदारांची लेखी संमति घ्यावी. २००५ च्या दुरुस्तीनें मुलींसही जन्मतः हिस्सा मिळाला असल्यामुळें सासरीं गेलेल्या बहिणींच्या सह्या विसरूं नयेत. ज्या कागदांवर सह्या मिळणार नाहींत, ते यादींतून वेगळे काढावे; एका वादग्रस्त बाडासाठीं सगळें दान न्यायालयांत अडकूं देऊं नये. मठ व देवस्थान यांचीं दप्तरें त्या त्या संस्थानच्या मालकीचीं असतात. पुजारी अगर वहिवाटदार तीं स्वतःच्या नांवें देऊं शकत नाहीं.

१९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याचेंही भान ठेवावें. ऐतिहासिक, वाङ्मयीन अगर शास्त्रीय मोलाचें ७५ वर्षांहून कमी नाहीं इतकें जुनें हस्तलिखित या कायद्यानें पुरावस्तु ठरतें. तें खासगी रीतीनें देशाबाहेर नेतां येत नाहीं. आणि नोंदलेल्या पुरावस्तूची मालकी बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें लागतें. म्हणजे भगवानलालांसारखें दान आज करावयाचें झाल्यास मृत्युपत्रांत लिहूनही तें पार पडणार नाहीं. परदेशांतील मराठी संग्राहकांस मात्र उलट दिशेनें, इकडील संस्थेस, दान करण्याचा मार्ग मोकळा आहे; तेथील निर्यातीचे नियम आधीं पाहावे एवढेंच.

संग्राहक स्वतः लेखक असेल तर आणखी एक गोष्ट. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणें अप्रसिद्ध लिखाणाचें हस्तलिखित मृत्युपत्रानें एखाद्यास दिलें आणि विरुद्ध इच्छा दर्शविलेली नसली, तर मृत्युपत्र करणाराचा त्या लिखाणावरील लेखाधिकारही त्याबरोबर जातो. आपलीं टांचणें व अपुरे लेख कोणी छापावे, हें म्हणून स्पष्ट लिहावें.

४. लेखांत काय असावें

यादी हा दानलेखाचा प्राण होय. "माझा सर्व संग्रह" या तीन शब्दांनीं पुढें भांडण लागतें. प्रत्येक रुमालास अंक द्यावा. त्यांतील कागदांची संख्या, लिपि, अंदाजें काळ, आणि पोथीचा आदि व अंत लिहावा. मुख्य म्हणजे प्रत्येक वस्तु कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडून, केव्हां मिळाली याची नोंद असावी. विकत घेतली असल्यास पावती जोडावी. या नोंदीवांचून अस्सल कागदाचेंही पुराव्याचें मोल निम्मे होतें.

अटी थोड्या व पाळतां येण्याजोग्या असाव्यात. मूळ रुमालांचा क्रम मोडूं नये. संग्रह एका नांवानें ओळखला जावा. अभ्यासकांस पाहावयास मिळावा. अमुक वर्षांच्या आंत यादी छापावी : या अटी रास्त आहेत. वंशजांच्या परवानगीशिवाय कोणास कागद दाखवूं नये, ही अट मात्र संग्रहास दुसऱ्या माळ्यावर टाकण्यासारखीच आहे. घरगुती कारणानें कांहीं पत्रें गुप्त ठेवावयाचीं असतील, तर मुदत वर्षांत सांगावी. "कधींही विकूं नये" असें नुसत्या बक्षिसांत लिहिल्यास हस्तांतरणास पूर्ण मज्जाव करणारी ती अट कायद्यानें टिकत नाहीं. त्यासाठीं संग्रह सार्वजनिक अभ्यासाच्या हेतूनें विश्वस्त म्हणून धारण करावा, अशा शब्दांत द्यावा.

संस्थाही मर्त्य असतात, हें गृहीत धरून दुसऱ्या संस्थेचें नांव द्यावें. रावबहादुर पारसनीस यांचा सातारचा संग्रह त्यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनीं, १९३९ मध्यें, पुण्यास डेक्कन कॉलेजांत हलविण्यांत आला. हलला, पण सार्वजनिक हातांत राहिला, म्हणून आज उपलब्ध आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि पुढल्याच महिन्यांत तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. असे सहकारी प्रत्येक संग्राहकास लाभतील असें नाहीं. ज्यास ते नाहींत त्यानें त्यांचें काम लेखाकडून करून घ्यावें.

मृत्युपत्रांतील कलमाचा नमुना असा असूं शकेल :

"माझ्या मालकीचीं, सोबतच्या यादींत लिहिलेलीं व माझ्या निधनसमयीं माझ्याकडे असणारीं इतर सर्व हस्तलिखितें, दप्तरें व त्यांविषयींचीं माझीं टिपणें मी अमुक संस्थेस, सार्वजनिक अभ्यासासाठीं विश्वस्त म्हणून धारण करण्याकरितां देतों. ती संस्था त्या वेळीं अस्तित्वांत नसल्यास अगर तिनें सहा महिन्यांत स्वीकार न केल्यास हीं सर्व तमुक संस्थेस द्यावींत. त्यांच्या सांभाळासाठीं इतके रुपये कायम निधि म्हणून देतों. त्याचें व्याज मात्र खर्चावें."

सही करण्यापूर्वीं हें कलम वकिलास व संस्थेच्या चिटणीसास दाखवावें. संस्थेस न विचारतां केलेलें दान पुष्कळदां तिच्या दारांत अडून बसतें.

५. सांभाळाचा निधि

दोन ट्रंका भरून कागद दिले आणि त्यांबरोबर एक पैसाही दिला नाहीं, तर दात्यानें संस्थेवर उपकाराबरोबर कर्जही लादलें. बस्ते, पेट्या, कपाटें, धुरी, दुरुस्ती, यादी करणाराचें वेतन, प्रतिमा घेण्याचा खर्च, हें सर्व कायम चालणारें आहे. समजा एका संग्रहाचा वार्षिक खर्च १२,००० रुपये आहे व सुरक्षित ठेवीवर शेंकडा ६ व्याज येतें. वरवर पाहतां २ लाखांचें मुद्दल पुरेसें वाटेल. परंतु महागाईसाठीं शेंकडा २ दरवर्षीं मुद्दलांत मिळवावयाचे, तर खर्चास शेंकडा ४च उरतात आणि मुद्दल ३ लाख लागतें. उषवदाताचा हिशेब चोख होता, पण त्यांत ही एक जागा मोकळी होती : व्याज सगळेंच खर्चीं पडलें होतें.

अशी रक्कम देतांना ती कायम निधीसाठीं आहे असें लेखी कळवावें, नाहीं तर ती चालू खर्चांत धरली जाण्याचा संभव असतो. प्राप्तिकराची सवलत मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या पैशावर मिळते. पोथ्या व वस्तु यांच्या किमतीवर मिळत नाहीं. दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिल्यास तीवरही मिळत नाहीं. म्हणून धनादेशानें द्यावी.

ज्यांचेजवळ संग्रह नाहीं पण द्रव्य आहे, त्यांनीं एखादें काम आपल्या नांवावर घ्यावें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्यें निघालें. सर रामकृष्णपंतांचा ग्रंथसंग्रह त्यास मिळाला, आणि १९१८ मध्यें मुंबई सरकारनें डेक्कन कॉलेजांतील हस्तलिखितें त्याच्या स्वाधीन केलीं. त्याच सुमारास औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं एक लाख रुपयांचें वचन दिलें. काम १९१९ मध्यें सुरू झालें. पंतप्रतिनिधि १९५१ मध्यें वारले. आवृत्ति १९६६ मध्यें पुरी झाली. हेतु नेमका सांगितला होता, म्हणून दात्याच्या मागेंही काम चालत राहिलें.

मूळ हेतु काळानें अशक्य झाला, तर न्यायालयामार्फत त्याच्या जवळचा हेतु ठरवून घेण्याची सोय सार्वजनिक न्यासांच्या कायद्यांत आहे. पण जवळचा कोणता, हें ठरविण्यास न्यायालयापुढें दात्याचे शब्दच असतात. ते मोजके, स्पष्ट व आपल्या हातचे असावेत.

सारांश, संग्राहकानें चार गोष्टी क्रमानें कराव्यात : यादी, हिस्सेदारांची संमति, संस्थेशीं बोलणें व तिचा स्वीकार, आणि लेखाबरोबर निधि. यांपैकीं पहिलीस वकील लागत नाहीं, पैसा लागत नाहीं व कोणाची परवानगीही लागत नाहीं. ती संग्राहकाशिवाय दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं, म्हणून तिला आजच आरंभ करावा.